गडाला एकच दरवाजा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शहाडच्या एखाद्या घरात टेलिफोन वाजे, तेव्हा त्याची तांब्याची तार थेट टेलिफोन केंद्रापर्यंत गेलेली असे. खिशातील मोबाईल हे सर्वस्वी वेगळे जाळे होते. इतके वेगळे की, सरकारी आखणीतही दोहोंच्या सीमा जुळत नव्हत्या. घरचा फोन भारत संचार निगमच्या कल्याण विभागातला, तर मोबाईलचे परवानाक्षेत्र मुंबईचे! आज ही विभागणी कागदापुरतीच उरली आहे. घरचा फोन ऑप्टिकल फायबरवरून येतो, इंटरनेट आणि टीव्ही त्याच धाग्यावर चालतात. इमारतीत रेंज नसेल तर मोबाईलवरील संभाषणही घरच्या वायफायमधून बाहेर पडते आणि शेजारच्या गच्चीवरील मनोराही पुष्कळदा अशाच फायबरने मुख्य जाळ्याशी जोडलेला असतो. स्थिर आणि फिरता दूरध्वनी यांचा हा संगम सोयीचा आहे, स्वस्त आहे, स्वागतार्हही आहे. प्रश्न आहे तो त्याच्या राखणीचा.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गरचनेविषयी जे सांगून ठेवले आहे, ते येथे आठवावे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. दोन-तीन दरवाजे असावेत, चोरदिंड्याही असाव्यात. पण नित्य वहिवाटीस लागतील तेवढ्याच वाटा मोकळ्या ठेवून उरलेल्या चिणून टाकाव्यात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. आजच्या दूरसंचार जाळ्याने नेमके उलटे केले आहे. दरवाजे दोनाचे एक झाले आणि चोरदिंड्या मात्र उघड्या राहिल्या.

चोरदिंडी उघडी राहिली की काय होते, हे ग्रीसने अनुभवले. प्रत्येक देशात कायद्याने अधिकार दिलेल्या यंत्रणांना संभाषण ऐकता यावे, अशी सोय दूरध्वनी केंद्रातच केलेली असते. २००४-०५ मध्ये अथेन्समधील व्होडाफोनच्या केंद्रांतील हीच सोय अज्ञात हातांनी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान कॉस्टास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक व्यक्तींचे मोबाईल ऐकले गेले. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, चीनशी संबंधित ‘सॉल्ट टायफून’ या टोळीने अमेरिकेतील बड्या दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केल्याचे उघड झाले. न्यायालयीन आदेशाने होणाऱ्या टेहळणीच्या व्यवस्थेपर्यंत ही टोळी पोहोचली होती. राखणदारासाठी ठेवलेली वाट शत्रूने वापरली, ती अशी.

आपल्याकडे याहून वेगळे काय आहे? मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला करणाऱ्या दहा दहशतवाद्यांना त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार मोबाईलवर सूचना देत होते. ती संभाषणे अमेरिकेतील एका इंटरनेट दूरध्वनी कंपनीच्या खात्यावरून आणि ऑस्ट्रियातील क्रमांकांच्या आडून येत होती. इंटरनेट आणि मोबाईल यांच्या सांध्याचा इतका क्रूर वापर देशाने तोवर पाहिला नव्हता. १६६ जणांचे प्राण गेले.

तो सांधा आज आपल्या शेजारीही उकरला जातो. शहाडपासून हाकेच्या अंतरावरील भिवंडीत २०२४ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने बेकायदा टेलिफोन केंद्र उघडकीस आणले. त्याचे तंत्र साधे असते. परदेशातून निघालेला कॉल इंटरनेटवरून एखाद्या भाड्याच्या खोलीतील ब्रॉडबँड जोडणीपर्यंत येतो. तेथील ‘सिमबॉक्स’ नावाच्या यंत्रात अनेक सिमकार्डे बसवलेली असतात. त्यांतील एकावरून तो कॉल स्थानिक बनून मोबाईलच्या जाळ्यात शिरतो. सरकारचा महसूल बुडतो, हे नुकसान त्यातल्या त्यात लहान. बोलणाऱ्याचा मूळ ठावठिकाणाच पुसला जातो, हे मोठे. निवृत्त गृहस्थाला ‘डिजिटल अटके’ची धमकी देणारा आवाज परक्या देशातला असतो, क्रमांक मात्र भारतीय दिसतो, त्यामागे अनेकदा हीच युक्ती असते.

दुसरा धोका चोराचा नाही, पाण्याचा आणि अंधाराचा आहे. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर या परिसराच्या स्मरणात आहे. जुन्या तांब्याच्या फोनला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातून तारेवाटेच मिळे; घरचे दिवे गेले तरी तार शाबूत असेल तर तो बोलत राही. फायबरवरील फोन मात्र घरची वीज जाताच मुका होतो. काही तासांत मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या की मोबाईलही थांबतो. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीच्या एका फटक्यात फोन, इंटरनेट, मोबाईल आणि दुकानातील क्यूआर संकेतावरचा व्यवहार एकाच वेळी बंद पडतो. त्या क्षणी प्रसूतीसाठी रुग्णवाहिका कुणी, कशी बोलवायची?

शासन झोपलेले आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १५ जून २०२१ पासून केवळ विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच नवी दूरसंचार सामग्री घेण्याचे बंधन आले. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनी सुरक्षेला बाध आणणारी घटना सहा तासांत कळवणे कंपन्यांना भाग पाडले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओ सामग्री तेजसची आणि जोडणी टीसीएसची. दुसऱ्याच्या किल्लीने उघडणारे कुलूप आपल्या दाराला नको, हा त्यामागील विचार योग्यच आहे.

तथापि कुलूप स्वदेशी असले म्हणून किल्ली उंबऱ्यावर ठेवून चालत नाही. याच निगमच्या यंत्रणेत शिरकाव झाल्याची शंका मे २०२४ मध्ये सर्ट-इनने कळवली होती. ग्राहकांच्या मुख्य नोंदकोषाला धक्का लागला नसल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. पण एका सर्व्हरवरील माहिती बाहेर दिसलेल्या नमुन्याशी जुळत होती, हेही मान्य केले. स्वदेशी ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. तिच्यापुढे शिस्त, तपासणी आणि उत्तरदायित्व या पायऱ्या चढाव्याच लागतात.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. प्रत्येक महत्त्वाच्या मनोऱ्याला आणि केंद्राला दुसऱ्या मार्गाने येणारा वेगळा फायबर असावा. पूरप्रवण भागात बॅटरीचा साठा अधिक असावा. संभाषण ऐकण्याची सोय एकट्या अधिकाऱ्याच्या हाती नसावी. तिच्या प्रत्येक वापराची नोंद व्हावी आणि ती नोंद कंपनीबाहेरच्या तपासनिसाने पडताळावी. सिमकार्ड देताना जितकी ओळख तपासली जाते, तितकीच गल्लीतील केबलचालकाने ब्रॉडबँड देतानाही तपासावी.

उरलेला भार समाजाचा आहे. सोसायटीच्या जिन्यातील तारांची पेटी उघडी असते. तिला कुलूप लावायला दिल्लीहून कुणी येणार नाही. वायफायच्या यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेक घरांत आजही तसाच आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे ‘संचार साथी’वर पाहता येते; किती जणांनी पाहिले? भाडेकरूच्या खोलीत दिवसरात्र यंत्रे चालतात आणि माणूस दिसत नाही, हे शेजाऱ्याच्याच ध्यानी येते. शाखेत, मंडळात, महिलांच्या भिशीत या गोष्टी सांगणे हे आजचे राष्ट्रकार्यच आहे.

कोणताही गड निव्वळ तटबंदीच्या भरवशावर राहत नाही. रात्री दिंडीचा अडसर लावला की नाही, हे पाहणारा माणूस लागतो. आपल्या इमारतीच्या जिन्यापुरता का होईना, तो माणूस आपण व्हावे.