अनुदान किलोवॅटवर, भरवसा नट-बोल्टवर

बेळगाव : ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. त्यामुळे कोटेशन घेताना चर्चा होते ती किलोवॅट आणि बिलाची. स्टँडबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

खरा धोका पॅनेलच्या वजनाचा नाही, वाऱ्याचा आहे. तिरकं पॅनेल शिडासारखं वारा धरतं, खालून शिरलेली हवा ते वर उचलते. स्लॅब गळेल म्हणून भोक न पाडता ठोकळ्यांवर स्टँड उभं केलं, तर ठोकळ्यांचं वजन वाऱ्याच्या हिशेबानं हवं. पत्र्याच्या छतावर स्क्रू नुसत्या पत्र्यात नको, खालच्या लोखंडी पाइपात हवा.

स्वस्त कोटेशनमध्ये कात्री लागते ती बहुधा लोखंडालाच. म्हणून स्टँडची जाडी, गॅल्वनायझिंग आणि ‘आयएस 875 भाग 3’प्रमाणे धरलेला वाऱ्याचा वेग आधीच लिहून घ्यावा. वळीव कोटेशन वाचत नाही.