आसरा काढला, वाट मोकळी ठेवली

डिसेंबरातल्या स्कॉटलंडचा तो फोटो तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल. गोठलेलं तळं, मागे पांढरा डोंगर आणि मध्ये लाल जॅकेटमधली एक ठिपक्याएवढी व्यक्ती. एडिनबरा-ग्लासगोला शिकायला गेलेला एखादा सीनियर तो टाकतोच. तिथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, हे मात्र फोटोत कुठून दिसणार?

केर्नगॉर्म पठारावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर 'लोखन बुई' नावाचं छोटं तळं आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा उंची कमीच. पण मार्च १९८६ मध्ये जवळच्या केर्नगॉर्म शिखरावर वारा ताशी १७३ मैल नोंदवला गेला. या तळ्याजवळ पूर्वी 'करन' नावाची आसऱ्याची झोपडी होती. नोव्हेंबर १९७१ मध्ये शाळकरी मुलांचा एक गट तिच्याकडे निघाला होता. हिमवादळात त्यांना ती सापडलीच नाही. पाच मुलं आणि एक तरुण प्रशिक्षक उघड्यावर गारठून गेले.

पुढे काय झालं असेल? आपल्याकडे धबधब्यावर दुर्घटना झाली की दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश येतो. तिथे बराच वाद झाला आणि शेवटी ती झोपडीच काढून टाकली! कारण सरळ होतं. 'वर आसरा आहे' या भरवशावर लोक नको त्या हवेत वर जातात. डोंगर मात्र बंद केला नाही. उलट २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या बहुतेक जमिनीवर सगळ्यांना पायी फिरायचा हक्क दिला, जबाबदारीने वागायच्या अटीवर.

ही मोकळीक नुसत्या कायद्यावर चालत नाही, बरं का. हिवाळ्यात मुख्य डोंगरभागांसाठी हिमस्खलनाचा अंदाज रोज जाहीर होतो. शोधपथकांत मुख्यतः स्वयंसेवक असतात आणि सुटकेचं बिल येत नाही. म्हणजे तुमच्या रीलपायी कुणीतरी अर्ध्या रात्री घरातून उठून निघतं. आपल्या सह्याद्रीतही ट्रेकर मंडळी हेच करतात, तेही पदरमोड करून. मला विचाराल तर आपण मनाई पटकन करतो आणि अंदाज, प्रशिक्षण यांचं घोंगडं भिजत ठेवतो.

आता तर बर्फाचाही नेम राहिलेला नाही. ब्रेराख डोंगराच्या कुशीतला एक हिमपट्टा विसाव्या शतकात तीनदाच पूर्ण वितळल्याची नोंद आहे. २०१७ पासून तो कितीतरी वेळा नाहीसा झालाय. 'जानेवारीत तळं माणूस पेलतं' असली जुनी माहिती तिथे कुणी दिली, तर काठावरूनच फोटो काढा.

आणि हो, आजची 'करन' तुमच्या खिशात आहे. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. चाळीस टक्क्यांवरचा फोनही अचानक बंद पडू शकतो, आणि नकाशा त्याच्यातच असतो.