गोळी, ध्यान आणि पाऊण तास



आपल्या खान्देशात कुठलीही बाई 'मला चिंतेचा आजार आहे' असं म्हणत नाही. 'मना जीव घाबरस' म्हणते. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, रात्री तीनला जाग येते ती येतेच. मग हृदयाची पट्टी काढली जाते, थायरॉइड तपासतात, सलाईन लावतात, मध्येच कुणीतरी भगताकडेही नेऊन आणतं. मानसोपचारतज्ज्ञाचं दार त्यानंतर. तिथे गोळी सुरू झाली की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या एकच सल्ला देतात : गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा ध्यान कर. आणि बाई कुणालाही न विचारता गोळी बंद करून टाकते.

ध्यानाला आमचा विरोध नाही. उपयोग होतो, हे आता तपासूनही पाहिलं गेलं आहे. श्वासाकडे आणि शरीराकडे शांतपणे लक्ष देण्याचा आठ आठवड्यांचा वर्ग जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केला. चिंतेचा आजार असलेल्या २७६ जणांवरचा एक अभ्यास तिथेच २०२२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हा वर्ग, निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी. दोन्ही गटांना जवळपास सारखाच गुण आला. पण हे सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. चालू असलेली गोळी सोडा, असं त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही. आणि वर्गातल्या लोकांना आठवड्याला अडीच तास शिकवायला माणूस होता, शिवाय घरी रोज पाऊण तास सराव करायचा होता.

हा पाऊण तास कुठून आणायचा? पहाटे भाकरी थापून कापूस वेचायला जाणारी, रावेर-यावलकडे केळीच्या कामाला जाणारी, संध्याकाळी नळाला पाणी आलं की धावणारी बाई कधी डोळे मिटून बसणार? घर एका खोलीचं. दार लावून बसली तर 'हिला काय झालं' म्हणून आधी दारच वाजेल. पुरुष पारावर तासभर बसला तर तो नुसता बसलेला असतो. बाई बसली की कामचुकार ठरते. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, फीही नसते. जळगावहून रेल्वे आहे. पण दहा दिवस फोन बंद ठेवून घराबाहेर राहण्याची परवानगी आपल्यापैकी किती जणींना मिळेल? सरकारी नोकरांना त्यासाठी रजेची सोय आहे. मानधनावरच्या अंगणवाडीताईने कुणाकडे मागायची?

त्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आणि चालू औषधं यांबद्दल विचारलेलं असतं. ते लपवू नका. गंभीर मानसिक आजारात ते शिबिर योग्य नाही, असं केंद्रच सांगतं. गोएंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशात अर्धशिशीने हैराण होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असं गुरूंनी त्यांना बजावलं होतं. 'ध्यानाने सगळं बरं होतं' म्हणणारे ही गोष्ट सांगताना नेमकं एवढंच विसरतात.

गोळीचंही नीट समजून घ्यायला हवं. एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत घाबरणं थोडं वाढूही शकतं. नेमकी तेव्हाच ती सोडली जाते. अल्प्राझोलामची गोष्ट वेगळी. तिने लगेच बरं वाटतं, आणि सवय लागते तीही तिचीच. बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. कुठलीही गोळी कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून 'पुढची' म्हणणाऱ्या डॉक्टरांना आपण थांबवून विचारायला शिकलं पाहिजे : ही कोणती गोळी, किती दिवस?

आणि भीतीला कारण असतं तेव्हा? नवरा दारू पिऊन येण्याची वेळ झाली की जिची छाती धडधडते, तिची छाती बरोबरच सांगते आहे. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघडकीस आलं. त्यातल्या मुलींच्या भीतीला कुणी आजार म्हणावं का? ध्यान करून मार सोसायचं बळ कमवा, असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. अशा बाईला गोळी लागू शकते, श्वासाचा सरावही लागू शकतो, पण आधी सुरक्षित जागा लागते.

आणखी एक भीती असते कोर्टाची. गोळ्यांची चिठ्ठी दाखवून 'बायको वेडी आहे' म्हणत घटस्फोट मागितला जातो. नुसतं आजाराचं नाव त्यासाठी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं आहे. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे.

चिंतेच्या आजारासाठी पुण्या-ठाण्याचं मनोरुग्णालय लागत नाही. जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात काम होतं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. गटाच्या फळ्यावर तो लिहून ठेवा. पहिल्यांदा दवाखान्यात जाणाऱ्या बाईबरोबर एकीने जावं. आणि बैठकीआधी पाऊण तास खोली मोकळी ठेवा. ज्यांना शांत बसायचंय त्यांनी बसावं, पोरं बाकीच्यांनी सांभाळावीत.