गोठ्यापलीकडे : बर्फ काढा, पारा बघा

पेटीत बर्फ होता आणि तोही भरपूर. पोहोचवायला आलेल्या मुलाने कौतुकाने झाकण उघडून दाखवलं. बर्फाच्या पिशव्यांना चिकटून बसलेल्या त्या पांढऱ्या बाटल्या पाहिल्या आणि मला राग आवरेना. नर वराहाचं वीर्य होतं ते, वराहपालकाने रोख पैसे मोजून मागवलेलं. त्याच्या दोन माद्या माजावर होत्या, कमरेवर हात दाबला की ताठ उभ्या राहत होत्या. बाटलीतला एक थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शुक्राणू दाटीने दिसले, पण बहुतेक निपचित. काहींच्या शेपट्या वळून वेटोळं झालेल्या, तर एखादा जागच्या जागी गरगरत होता. त्या दोन्ही माद्यांचा माज वाया गेला. पुढचा यायला एकवीस दिवस, आणि तोवरचं खाद्य पालकाच्या खिशातून.

पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला गायीचं शिकवलंय आणि त्याने ते इमानाने पाळलं. माझं भांडण शिकवणाऱ्यांशी आहे. थर्मामीटरवरून मी या जागेत वारंवार तावातावाने लिहिलं आहे, आज पुन्हा लिहितो.

वळूची कांडी घ्या. पाव मिलिलिटरची बारीक नळी, आत साधारण दोन कोटी शुक्राणू. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ती वर्षानुवर्षं टिकते. गाय माजावर आली की कांडी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि गाय भरवायची. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ‘बाएफ’ची स्थापना केली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गोठ्यांपर्यंत कृत्रिम रेतन पोहोचलं ते या कांडीच्या जोरावर. दुचाकीला बांधलेलं नायट्रोजनचं भांडं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्याच यशातून एक समजूत घट्ट बसली: वीर्य जितकं गार, तितकं टिकाऊ.

वराहाच्या बाबतीत ही समजूत जीवघेणी आहे. त्याची एक मात्रा म्हणजे ८० ते १०० मिलिलिटरची बाटली किंवा पिशवी, आणि तीत अडीचशे-तीनशे कोटी शुक्राणू, म्हणजे कांडीच्या शंभरपटीहून जास्त. एवढे लागतात, कारण गर्भाशयमुखाशी सोडलेल्या वीर्याला मादीच्या गर्भाशयाच्या लांबच लांब शिंगांतून वर जायचं असतं आणि बराचसा द्रव उलटून बाहेरही पडतो. ही बाटली ठेवायची १७ अंशांवर, एखादा अंश इकडेतिकडे. वराहाच्या शुक्राणूच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी आणि असंतृप्त मेद जास्त. पारा १५ अंशांखाली झपाट्याने उतरला की आवरणाचा काही भाग थिजतो, काही पातळच राहतो आणि मधली घडी विस्कटते. मग बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि शुक्राणू संपतो. नंतर कितीही ऊब द्या, तो परत येत नाही. पारा २० च्या वर गेला तर उलटी गत: शुक्राणू आपली ऊर्जा जाळून टाकतात आणि जिवाणू माजतात.

आपल्याकडचा घरगुती फ्रिज असतो चार-पाच अंशांवर आणि विदर्भातली मे महिन्यातली खोली चाळिशीच्या पुढे. सतरा अंश आपोआप मिळेल अशी जागाच नाही. त्यासाठी थंडही करेल आणि गरमही करेल असं कपाट लागतं, आणि वीज गेली तर तगून राहायला बॅटरी. वाहतुकीत बर्फाऐवजी त्याच तापमानाला आणलेल्या जेलच्या पिशव्या हव्यात. वीर्य काढल्यावर त्याच्याच तापमानाचं विरलक, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणारं द्रावण, मिसळायचं, तास-दोन तास खोलीत हळूहळू निवू द्यायचं आणि मगच कपाटात ठेवायचं. यात अवघड असं काहीही नाही.

बेल्ट्सव्हिलची गोष्ट मला नेहमी आठवते. अमेरिकेतल्या या सरकारी संशोधन केंद्रात पर्सेल आणि जॉन्सन वराहाचं वीर्य गोठवण्याच्या मागे होते. गोठलेलं वीर्य वितळवण्यासाठी त्यांनी १९७५ मध्ये एक द्रावण पुढे आणलं: ग्लुकोज, सायट्रेट, बायकार्बोनेट, ईडीटीए आणि थोडं पोटॅशियम क्लोराइड. पुढे जगभर ते नावारूपाला आलं ते मात्र न गोठवलेलं वीर्य तीन दिवस टिकवणारं विरलक म्हणून. गोठवणाऱ्यांच्याच हातून न गोठवण्याचा रस्ता रुंद झाला. आज पाच-सात दिवस टिकवणारी विरलकंही आहेत. गोठवलेल्या वराहवीर्याने गर्भधारणा कमी होते, पिल्लंही कमी मिळतात. गोव्याच्या आगोंद गोवनसारख्या देशी जातींचं वाण जपायला ते जरूर गोठवा. रोजच्या पैदाशीसाठी नको.

जर्मनीत पाच अंशांवर साठवण्याचे प्रयोग चालू आहेत, तेही प्रतिजैविकं टाळण्यासाठी. माहीतगार वाचक ते पुढे करतील. तिथे खास विरलक वापरतात आणि पारा मोजूनमापून उतरवतात. बर्फाच्या पेटीला त्याचा आधार देता येणार नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. सगळ्यांत जास्त डुकरं आसामात. गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे आणि मेघालयात बारापानीलाही वराहांच्या कृत्रिम रेतनावर काम झालंय. ताज्या, द्रवरूप वीर्यानेच तिथल्या खेड्यांत माद्या गाभण राहतात. घरटी एक-दोन माद्या असलेल्या माणसाला नर पोसणं परवडत नाही. म्हणून एकच नर दारोदार फिरवला जाई. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग आला आणि ती रीत किती महागात पडू शकते ते कळलं. आधीच २०१२ ते २०१९ दरम्यान देशातली डुकरं बारा टक्क्यांनी घटून ९० लाखांवर आली होती. अशा वेळी नराऐवजी बाटली फिरणं हाच शहाणपणाचा मार्ग. अर्थात केंद्रातला नर निरोगी आहे हे तपासूनच, कारण बाधित नराच्या वीर्यातूनही हा विषाणू जातो.

‘वराहांत कृत्रिम रेतन जमत नाही’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, बाटली कुठे ठेवली होती? माझी ठाम खात्री आहे की या अपयशांपैकी निम्मी तरी पाऱ्याची आहेत. त्यामुळे नायट्रोजनचं भांडं वराहासाठीही चालेल असा हिशेब मांडणारे प्रस्ताव पाहिले की जीव तुटतो. मोठ्या मध्यवर्ती पेढीऐवजी जिल्ह्या-दोन जिल्ह्यांमागे छोटी नरकेंद्रं हवीत, जिथून बाटली अर्ध्या दिवसात दारात पोहोचेल. प्रत्येक केंद्रात १७ अंशांचं कपाट, आणि पाऱ्याची नोंद करणारी, पगार घेणारी व्यक्ती. बाटलीवर वीर्य काढल्याची तारीख आणि वेळ छापलेली हवी. पेटीत थर्मामीटर नसेल, तर वराहपालकाने ती बिनदिक्कत परत पाठवावी आणि पैसेही देऊ नयेत.