मत वेगळं, म्हणून माणूस तोडायचा का?

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. निवडणूक संपली की नेते एकमेकांच्या घरच्या लग्नात शेजारी जेवायला बसतात. आपण मात्र व्हाट्सअप ग्रुपवरची भांडणं अजून उराशी धरून बसलोत.

माझ्या एका लंगोटीयारानं तेव्हा ग्रुपवर सगळ्यांदेखत मला 'विकला गेलेला' म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद. आज मी त्याला माफ केलं. अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून माफीही इथंच जाहीर सांगतो.

माफ केलं म्हणजे त्याचं म्हणणं पटलं असं नाही. टिळक-आगरकर बघा. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस सोबत काढलेले मित्र. पुढं बिनसलं. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि दोघं जाहीरपणे एकमेकांविरुद्ध लिहू लागले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मतभेद होते, तरी मित्राचं मोठेपण मान्य केलं. पण ते वाचायला आगरकर कुठं होते?

आपलं तसं होऊ नये. ज्या ग्रुपवर आज एकमेकांची उणीदुणी काढतो, तिथंच उद्या 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून काय उपयोग? जित्या माणसाशी बोला. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेत तो समोर आला, तर तोंड फिरवू नका. चहा घ्या सोबत. मत ज्याचं त्याच्याजवळ राहू द्या.

पटलं तर आपापल्या मित्राला आजच फोन लावा.