वॉटसन मंदबुद्धि होता काय ?

सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या शेरलॉक होम्सच्या गोष्टी आवडीनें वाचणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा असा समज असतो कीं, त्या गोष्टींतील सारी करामत एकट्या होम्सची, डॉ. वॉटसन हा केवळ त्याच्या मागें फिरून आश्चर्यानें तोंडांत बोट घालणारा मंदबुद्धि सोबती. आमच्या मतें हा समज साफ चुकीचा आहे.

१८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरींत ही जोडी प्रथम एकत्र येते. एक रसायनशाळेंत रमणारा, लहरी व एकलकोंडा. दुसरा मैवंदच्या लढाईंत (१८८०) जखमी होऊन परतलेला सरळमार्गी लष्करी डॉक्टर. होम्सला विषांची खडानखडा माहिती. पण पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते, हें त्याच्या गांवींही नसतें! वॉटसन चकित होऊन त्याच्या ज्ञानाची व अज्ञानाची यादीच करतो. ज्याला आपण सर्वज्ञ मानतों, त्याचें अपुरेपण लेखकानें आरंभींच दाखवून ठेविलें आहे.

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०१-०२) या कादंबरींत होम्स वॉटसनला आपल्यावांचून डार्टमूरच्या ओसाड माळरानावर पाठवितो. वाड्यांतील नोकर मध्यरात्रीं खिडकीशीं मेणबत्ती कां धरतो, याचा उलगडा होम्स जवळ नसतांच होतो. मृत सर चार्ल्सला पत्र धाडणारी बाई कोण, याचा मागही वॉटसनच लावतो. होम्स त्याच माळावर एका दगडी झोपडींत लपलेला असतो, आणि वॉटसननें लंडनला धाडलेलीं पत्रें तेथें मागवून पुन्हां पुन्हां वाचीत असतो. आपल्यापासून हें लपविलें म्हणून वॉटसनला वाईट वाटतें, व तें योग्यच होय; परंतु होम्सला त्या पत्रांची केवढी गरज होती, हेंही त्यावरून दिसून येतें.

कोणी म्हणेल, 'अशी चाकरी कोणीही केली असती.' या आक्षेपास उत्तर खुद्द होम्सच देतो. १९२७ च्या 'द केस-बुक ऑफ शेरलॉक होम्स' या संग्रहांतील 'द ब्लँच्ड सोल्जर' ही गोष्ट तो स्वतः सांगतो. लिहावयास बसल्यावर, हकीकत वाचकांस रुचेल अशी मांडावी लागते, हें त्याला मान्य करावें लागतें. शिवाय माझी थोरवी वाढवून सांगतांना वॉटसननें विनयामुळें स्वतःचे गुण झांकून ठेविले, अशी कबुलीही तो देतो. वॉटसन मठ्ठ दिसतो तो वॉटसनच्याच लेखणीमुळें ! स्वतःचे चुकलेले तर्क इतक्या प्रामाणिकपणें लिहून ठेवणें दुर्बळ मनाच्या माणसाचें काम नव्हे. त्याच संग्रहांतील 'द थ्री गॅरिडेब्स' या गोष्टींत वॉटसनला गोळी लागतांच होम्सचा नेहमींचा थंडपणा क्षणांत ढळतो. सोबत्याची खरी किंमत त्याला ठाऊक होती.

आमच्या विद्यार्थिबंधूंनीं हें ध्यानांत घ्यावें. प्रत्येक वर्गांत एखादा तल्लख विद्यार्थी असतो, व त्याच्या शेजारीं निमूटपणें टिपणें काढणारा, न समजलें तें सरळ विचारणारा दुसराही असतो. बक्षीस बहुधा पहिल्यालाच मिळतें. तें त्यानें आनंदानें घ्यावें. मात्र शेजाऱ्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं त्याच्या प्रश्नांनीं आपलीं किती उत्तरें पक्कीं झालीं, हें एकदां मोजून पाहावें.