संगणकाशी गट्टी : रेघा गेल्या कुठे?



या वेळच्या टपालात एक पत्र जरा रडवेलंच होतं. नववीतल्या एका मैत्रिणीचं. वर्गाच्या सहलीचा हिशेब तिच्याकडे होता. एक्सेलमध्ये तिनं यादी केली : डावीकडे ४२ नावं, मग पत्ता, फोन, आणि पार उजवीकडे पहिला हप्ता, दुसरा हप्ता. ज्यांचे पैसे यायचे होते त्यांच्या ओळी पिवळ्या. पण शाळेच्या प्रिंटरवर पिवळा रंग काळपट उमटतो, म्हणून छापायच्या आधी तिनं सगळ्या तक्त्यावर पांढरा रंग दिला. कागद बाहेर आला तर त्यावर एकही रेघ नाही!

बाई नावावरून बोट सरकवत उजवीकडे गेल्या आणि वाटेत एक ओळ घसरल्या. ज्यानं पैसे पूर्ण भरले होते, त्यालाच सगळ्यांसमोर उभं केलं. ‘तो आता माझ्याशी बोलत नाही,’ असं ती लिहिते. ‘काका, रेघा गेल्या कुठे?’

सांगतो. पूर्वी कोऱ्या कागदावर पत्र लिहिताना ओळी वाकड्या जाऊ नयेत म्हणून खाली गडद रेघांचा कागद ठेवायचे. (आजीला विचारा!) वरच्या कागदातून रेघा पुसट दिसायच्या. लिहून झालं की खालचा कागद काढून घ्यायचा. स्प्रेडशीटमधल्या त्या फिकट ग्रिडलाइन्स म्हणजे हाच खालचा कागद. त्या तुमच्या तक्त्याचा भाग नसतातच मुळी! १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं ‘व्हिजिकॅल्क’ आलं, त्यात तर अशा रेघा नव्हत्याच. वर ए, बी, सी, डावीकडे १, २, ३, आणि मधे नुसते आकडे.

तेव्हा रेघा दिसेनाशा झाल्या की आधी एक काम करा. तक्ता सोडून खाली किंवा उजवीकडे लांबवर जा, जिथे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तिथे रेघा आहेत? मग चोर तक्त्यातच आहे, आणि तो म्हणजे पांढरा रंग. आपल्या मैत्रिणीचं हेच झालं. आपल्याला वाटतं, पांढरा म्हणजे रंग नाही. संगणकाला तसं वाटत नाही बरं का! त्याच्या लेखी पांढरा हाही रंगच. भिंतीला चुना फासावा तसा तो रेघांवर बसतो. तेवढी घरं निवडा, ‘होम’मध्ये रंगाच्या बादलीशेजारचा छोटा बाण दाबा आणि ‘नो फिल’ निवडा. रेघा हजर!

काही जण घाईघाईनं ‘क्लिअर फॉरमॅट्स’ दाबतात. नका दाबू. रंग जातो खरा, पण तारखांचं रूपही जातं. १५ मार्च २०२३ च्या जागी ४५००० असा आकडा दिसला की घाम फुटतो! (तारीख हरवलेली नसते. संगणक आतून दिवस मोजत असतो, तोच आकडा उघडा पडतो.)

आणि लांबवरही रेघा नसतील, तर कुणीतरी त्या बंदच केल्या आहेत. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘ग्रिडलाइन्स’समोर खूण करा. ही खूण प्रत्येक शीटची वेगळी असते. एका शीटवर रेघा, दुसऱ्यावर नाहीत, असं झालं तर गोंधळू नका. खूण असूनही रेघा दिसत नसतील, तर त्यांचाच रंग कुणी पांढरा केला आहे का, ते ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन बघा. असं क्वचितच होतं.

आता छपाई. इथे तर भलेभले फसतात. पडद्यावर रेघा ठळक दिसत असल्या, तरी एक्सेल आपणहून त्या कागदावर छापत नाही. ‘पेज लेआउट’मध्ये ‘ग्रिडलाइन्स’खाली ‘प्रिंट’ला खूण करावी लागते. तरीही उमटल्या नाहीत, तर ‘पेज सेटअप’मध्ये ‘ड्राफ्ट क्वालिटी’ चालू राहिली आहे का बघा. ती चालू असली की रेघा गाळल्या जातात.

पण पैशाचा हिशेब असेल, तर मी म्हणेन की या उसन्या रेघांवर विसंबूच नका. सगळा तक्ता निवडा आणि ‘बॉर्डर्स’मधून ‘ऑल बॉर्डर्स’ द्या. या रेघा म्हणजे शाईनं मारलेल्या. पांढरा रंग दिला तरी त्या राहतात, आणि छापतानाही उमटतात. शिवाय पत्ता आणि फोनचे रकाने छापण्यापुरते लपवून ठेवा, म्हणजे नाव आणि हप्ता शेजारी-शेजारी येतील. बोटाला लांबचा प्रवासच नको.

आणि मैत्रिणी, नवा कागद स्टाफरूममध्ये नेऊन देऊ नकोस. वर्गातच दे. त्या मुलाच्या नावाची ओळ मोठ्यानं वाचा, अशी बाईंना विनंती कर. रेघा पांढऱ्या रंगानं झाकल्या गेल्या होत्या, हेही तूच सांग. तो काय म्हणाला, ते पुढच्या पत्रात लिही. मी वाट बघतोय.